नान्ना संध्याकाळी कुणाला हाक मारते?

रानमेवा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी सावंतवाडीकडची. गेली साडेतीन वर्षं माल्टात असते. सिसिलीच्या खाली भूमध्य समुद्रातला हा देश जेमतेम 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर जिल्हे मिळून जेवढे होतात त्याच्या साधारण निम्मा. इथे एका आजीबाईंच्या घरी राहून मी त्यांची देखभाल करते. आजीला इथे नान्ना म्हणतात, मीही तेच म्हणते. वय 88. नातीला विचारूनच लिहिते आहे, पण गाव आणि नावं देणार नाही.

नान्नाचा जन्म 1936 चा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. तिचे आजोबा माल्टातून तिथे बंदरावर कामाला गेले, तिथेच संसार झाला. 1956 ला सुएझ कालव्यावरून इजिप्त-ब्रिटनचं भांडण पेटलं आणि ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना इजिप्त सोडायला लावलं. माल्टीज लोक तेव्हा ब्रिटिश प्रजा, त्यामुळे हेही त्यात आले. 1957 च्या जानेवारीत विशीतली नान्ना आईवडिलांबरोबर दोन ट्रंका घेऊन बोटीतून इथे उतरली. आडनाव माल्टीज, धर्म कॅथलिक, पण माल्टा आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती. गावात आजही या घराला आडनावाने कुणी ओळखत नाही. ‘ता लिशांद्रा’ म्हणतात, अलेक्झांड्रियावाले. अशा घरच्या नावाला इथे ‘लअम’ म्हणतात. आडनावं मोजकीच, एकेका गावात शंभर बोर्ग आणि शंभर कामिल्लेरी, त्यामुळे लअमशिवाय पोस्टमनचंही चालत नसे.

तर मुद्दा असा. नान्नाला हल्लीचं फारसं लक्षात राहत नाही. सकाळी ती माल्टी बोलते. दुधाचे पैसे मोजताना फ्रेंचमध्ये मोजते, कारण शाळा तिकडे नन्सची होती. जपमाळ माल्टीतच. पण दिवस कलला, गल्लरियातून, म्हणजे लाकडी बंदिस्त सज्जातून, येणारा उजेड पिवळा झाला, की ती वेगळंच काही बोलू लागते. तिचा मुलगा साठीचा आहे. तो म्हणतो, ती जुनी माल्टी आहे, लक्ष देऊ नकोस. माल्टी मला कामापुरती येते, पण ही माल्टी वाटत नाही. त्यात एक शब्द रोज येतो. ‘तेता’. दाराकडे बघून दोनतीनदा हाक मारते, मग गप्प होते. आणि हाक मारताना हात चालू असतात. मांडीवरच्या चादरीची कड डाव्या चिमटीत धरायची आणि उजव्या हाताने त्यावरून काहीतरी खुडत खाली यायचं. आधी मला वाटलं दुखण्यातला चाळा असेल. पण ते खुडणं फार सराईत आहे हो.

दुसरीकडे नातीने, ती मेलबर्नला असते, डीएनएची तपासणी करून घेतली. निकालात बहुतेक सगळं सिसिली आणि दक्षिण इटली, थोडं ग्रीक, 11 टक्के लेव्हांट म्हणजे सीरिया-लेबननचा पट्टा, आणि जरासं उत्तर आफ्रिका. नात हरखली. बाप भडकला. “आपण संत पॉलपासूनचे ख्रिस्ती, हे अरब कुठून आणलेस?” म्हणून फोन ठेवून दिला. नान्नाची आई इटालियन होती एवढंच या घरात सांगितलं जातं.

तेता कोण असेल? मांजर, मैत्रीण, गाव? कुणाला काही कळत असेल तर सांगा. रोज ती हाक ऐकते आणि ओ कुणी द्यायची ते मला कळत नाही.

सुकेळी
रानमेवा, वाचून गलबलून आलं गं.
तेता मला माहीत नाही, पण लअम वाचून आमचं गाव आठवलं. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. घरात सामवेदी बोली, आडनाव पोर्तुगीज. आमच्या आळीत एकाच आडनावाची एवढी घरं आहेत की पत्ता सांगताना घराचं जुनं नावच सांगावं लागतं. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मबापाचं नाहीतर पाद्रीबाबाचं आडनाव मिळालं असं मोठी माणसं सांगत. कुपारी हे आमच्या समाजाचं नावच पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून, म्हणजे धर्मबापाच्या नात्यावरून पडलं असं आमच्यात मानतात. चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई घेतली, पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली. पण लग्नातली गाणी आणि रिती आमच्या बोलीतल्याच राहिल्या. आडनाव बघून माणूस कुठला ते ठरवू नये हे आम्ही लहानपणापासून शिकलो.

पशुवैद्य
माल्टा म्हटलं की आम्हाला माल्टा ताप आठवतो. डेव्हिड ब्रूसने 1887 ला तिथे जंतू शोधला आणि 1905 ला थेमिस्तोक्लेस झामित या माल्टीज डॉक्टरने तो शेळीच्या दुधातून येतो हे दाखवलं. तेव्हा माल्टात शेळ्या दारोदार नेऊन समोरच दूध काढून देत. हेच माल्टीज शेळीवाले ट्युनिशिया-अल्जीरियातही जाऊन राहिले होते. विषयांतर झालं, पण ही माणसं समुद्राच्या सगळ्या काठांवर कशी पसरली ते यावरून कळतं.

दप्तर
धागा आवडला. थोडा इतिहास लिहितो, कारण त्या मुलाचा राग समजून घ्यायला तो लागेल.

संत पॉल इसवी सन 60 च्या सुमारास जहाज फुटून माल्टाला लागले ही तिथली श्रद्धा. 10 फेब्रुवारीला त्याचा सण असतो. तेव्हापासून आम्ही अखंड ख्रिस्ती, मधले अरब आले नि गेले, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. प्रत्यक्षात 870 ला अरबांनी बेट घेतलं. 1091 ला ख्रिस्ती नॉर्मन आले, पण मुसलमान वस्ती तेराव्या शतकापर्यंत होतीच. पुढे ती माणसं एकतर घालवली गेली किंवा ख्रिस्ती झाली. भाषा मात्र राहिली. माल्टीचा सांगाडा अरबी आहे, सिसिलीत त्या काळी बोलली जाई त्या अरबीचा. शब्दकोश उघडला तर जवळपास निम्मे शब्द सिसिलियन-इटालियन निघतात, अरबी साधारण एक तृतीयांश. पण रोजच्या वाक्यात क्रियापदं, सर्वनामं, आकडे सगळे अरबीच. लिहायची रोमन लिपीत. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांमध्ये सेमिटिक कुळातली ही एकच.

कॅथलिक देश, पण देवाला म्हणतात ‘अल्ला’. ईस्टरच्या आधीच्या उपासाला म्हणतात ‘रान्दान’, म्हणजे रमजानच. ईस्टर हा ‘ल-ईद’. शुक्रवार हा ‘जिमा’, आपला जुम्मा, आणि आठवड्यालाही तोच शब्द. नात्यांची गंमत तर बघाच. आई ‘ओम्म’ अरबी, भाऊ-बहीण अरबी, बाप ‘मिस्सीर’ सिसिलियन, आजी-आजोबा नान्ना-नान्नू इटालियन, काका-आत्याही इटालियन. एका घरात हाका मारायच्या तर दोन किनाऱ्यांवरून माराव्या लागतात.

मग एवढं असून नाकारतात का? माल्टा 1530 ला सेंट जॉनच्या सरदारांकडे, म्हणजे लढवय्या ख्रिस्ती पंथाकडे गेला. त्यांची तुर्कांशी पिढीजात लढाई. 1551 ला तुर्गुत रेईस या तुर्की आरमारप्रमुखाने शेजारचं गोझो बेट लुटलं आणि तिथली जवळपास सगळी वस्ती, सुमारे 5000 माणसं, गुलाम करून त्रिपोलीला नेली. आज गोझोत राहणारे बरेचसे मग माल्टातून आणि सिसिलीतून येऊन वसलेल्यांचे वंशज. 1565 चा तुर्कांचा मोठा वेढा तर त्यांचा पानिपतासारखा घराघरात पोचलेला विषय, फक्त तो ते जिंकले. अशा ठिकाणी ‘तुर्क’ नि ‘अरब’ हे शब्द भीतीचे होतात. इंग्रजांच्या राज्यात त्यात आणखी भर पडली. साहेबासमोर युरोपीय दिसण्यावर नोकरी आणि मान अवलंबून. त्या मुलाचं वाक्य एकट्याचं नाही, चारशे वर्षांचं आहे.

आणि दुसरी बाजूही होतीच. सरदारांच्या जहाजांनी मुसलमानांना पकडून आणून राजधानी वालेत्तात गुलाम म्हणून विकलं. 1798 ला नेपोलियनने सोडले तेव्हा असे सुमारे 2000 गुलाम माल्टात होते. त्याआधी कित्येकांनी बाप्तिस्मा घेऊन तिथेच लग्नं केली, मालकाचं किंवा धर्मबापाचं नाव घेतलं. वर सुकेळीताईंनी लिहिलं तसंच. त्यांची नातवंडं पतवंडं आज कोण आहेत? सगळेच आहेत. पण ती गोष्ट घरात सांगणारी आजी मला कुठे वाचायला मिळाली नाही.

कैरी
दप्तरकाका, माल्टी शब्द शोधत बसले आणि तासभर गेला. सीहेब म्हणजे सोबती, आपला साहेब. हक्क म्हणजे न्याय, आपला हक्क. झ्मीन म्हणजे काळ, आपला जमाना. हसीब म्हणजे विचार, आपला हिशेब. आणि लअम तर अरबी ‘लकब’च, आपल्याकडे ती माणसाची लकब झाली. एकच शब्द समुद्राच्या दोन टोकांना जाऊन तिकडे विचार झाला आणि आपल्याकडे हिशेब.

कॅम्प नंबर तीन
मी उल्हासनगरचा. आमच्या शेजारच्या सिंधी काकांचे चुलते माल्टात दुकान चालवायचे. हैदराबाद सिंधचे व्यापारी 1880 च्या दशकातच तिथे पोचले होते. सुएझ कालवा झाल्यावर प्रत्येक बोट माल्टाला कोळसा भरायला थांबे, खलाशी उतरत आणि यांच्याकडून रेशीम, शाली, नक्षीचं सामान घेत. आधी नुसते पुरुष करारावर जायचे. फाळणीत सिंध गेलं तेव्हा घरची माणसं काही आमच्या कॅम्पात आली, काही नंतर तिकडे. काका म्हणायचे, आमचं गाव आता कुठेच नाही, म्हणून जिथे दुकान तिथे गाव. रानमेवाताई, वालेत्तात अजून सिंधी आडनावांच्या पाट्या दिसतात का?

रानमेवा
@कॅम्प नंबर तीन, दिसतात तर! कापडाच्या एका दुकानातल्या आजी माझ्याशी हिंदी बोलतात आणि गिऱ्हाइकाशी अस्सल माल्टी. त्यांचा नातू मात्र दोन्हीला इंग्रजीत उत्तर देतो.

दप्तरकाका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी मुलाला मनातल्या मनात कठोर ठरवून बसले होते, ते चुकलंच माझं.

गुणसूत्र
मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. डीएनएच्या निकालाबद्दल दोन गोष्टी. कंपनी तुमचा नमुना आजच्या माणसांच्या नमुन्यांशी ताडून बघते. ‘लेव्हांट’ म्हणजे तुमचे गुणसूत्रांचे काही तुकडे आज त्या भागात राहणाऱ्यांशी जास्त जुळतात, एवढंच. एकदोन टक्क्यांना फार अर्थ नसतो. पण 11 टक्के दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. हिशोब करू. खापरपणजीकडून सरासरी सव्वासहा टक्के येतात, पणजीकडून साडेबारा. म्हणजे नातीची पणजी, नान्नाची आई, पूर्ण लेव्हांटची असेल तर आकडा या घरात बसतो. माल्टाच्या लोकांचं मूळ मुख्यतः सिसिली आणि दक्षिण इटलीकडचं दिसतं असं अभ्यासांत आलं आहे, तेव्हा बाकीचा निकाल अगदी अपेक्षित. हे अकरा टक्केच कुठूनतरी वेगळे आले.

मुक्काम दुबई
रानमेवा, थांबा थांबा.

तेता म्हणजे आजी!

माझ्या ऑफिसात बैरूतची एक मुलगी आहे, ती दर गुरुवारी फोनवर “तेता, तेता” करत असते. आज मुद्दाम विचारलं. लेबनन, सीरिया, पॅलेस्टाईनकडे आजीला तेता म्हणतात. इजिप्तमध्येही म्हणतात, विशेषतः शहरातल्या घरांत. माल्टीत म्हणत नाहीत ना? मग नान्ना आपल्या आजीला हाक मारते आहे. तुमची नान्ना नात झालीय हो संध्याकाळची.

सुकेळी
अगं बाई.

दप्तर
मुक्काम दुबई, तुम्ही गाठ सोडवलीत. आता अलेक्झांड्रियाचं चित्र जुळतं. एकोणिसाव्या शतकात, खास करून 1860 च्या दमास्कसच्या कत्तलीनंतर, सीरिया-लेबननचे ख्रिस्ती मोठ्या संख्येने इजिप्तला आले. तिथे त्यांना ‘शवाम’ म्हणत. त्यांच्यात रोमच्या पोपला मानणारे बरेच, त्यामुळे माल्टीज कॅथलिकांशी सोयरीक व्हायला आडकाठी नव्हती. एकाच चर्चच्या पायरीवर भेटत असतील. आणि माल्टीज तर त्या शहरात इतके मिसळलेले की 11 जून 1882 च्या दंगलीची ठिणगी एका माल्टीज माणसाच्या आणि गाढववाल्याच्या भांडणातून पडली, महिन्याभरात इंग्रजांनी शहरावर तोफा डागल्या.

अलेक्झांड्रियात फ्रान्सिस्कन पाद्र्यांचं सेंट कॅथरीनचं चर्च आहे. आईवडिलांचं लग्न लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक रीतीने लागलं असेल तर तिथल्या वहीत नोंद असू शकते, वधूच्या आईबापांच्या नावांसकट. माल्टातले सरकारी दाखले 1863 पासूनचे आहेत आणि चर्चच्या वह्या त्याहून तीनशे वर्षं जुन्या, पण त्यात बापाकडची बाजू मिळेल. आईकडचं सगळं तिकडेच.

झैतून
मी दोन वर्षं सायप्रसला होते, तिथलं आठवलं म्हणून लिहिते. उत्तरेला कोर्माकितीस नावाचं गाव आहे, मारोनी ख्रिस्तींचं. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी लेबनन-सीरियातून आले. ‘सान्ना’ नावाची त्यांची बोली म्हणजे अरबी, पण ग्रीक शब्दांनी भरलेली. 1974 ला बेटाची फाळणी झाली, बहुतेक तरुण दक्षिणेला गेले, गावात म्हातारी माणसं उरली. एका आजींनी मला त्या बोलीत एकपासून दहापर्यंत मोजून दाखवलं आणि मग त्यांच्या नातवाला मोजायला सांगितलं, तो तीनला अडखळला. त्याच बेटावर पूर्वी ‘लिनोवांवाकी’ नावाचे लोक होते, शब्दशः तागाचे नि कापसाचे. बाहेर मुसलमान, घरात ख्रिस्ती, मुलांना दोन दोन नावं. एकाच कापडातले दोन धागे म्हणून ते नाव.

जुनेजाणते
सगळं खरं. पण मला एक विचारायचं आहे. हे त्या घराला सांगायचा अधिकार आपल्याला आहे का? आई इटालियन होती असं म्हातारीने आयुष्यभर सांगितलं असेल, तर त्याला तिची कारणं असतील. 1957 ला नव्या गावात आलेली विशीतली मुलगी, आधीच लोक ‘लिशांद्रा’ म्हणून बोट दाखवतायत, त्यात आई अरबी बोलणारी. झाकलं असेल तिने. आता तिचा ताबा सुटल्यावर आपण ते उघडं करायचं? माझ्या आईने शेवटच्या दिवसांत असंच बरंच बोलून टाकलं. मी ते कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

रानमेवा
जुनेजाणते काका, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. पटलं. म्हणून मी मुलाला किंवा नातीला काहीच सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नान्नाने हाक मारली तेव्हा मी तिच्या जवळ बसले आणि तिचा तोच शब्द हळूच परत म्हटला. “तेता?” तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही फार बदल झाला नाही, पण माझा हात धरला आणि चादरीच्या कडेवर नेऊन ठेवला. मग मीही तिच्यासारखं खुडू लागले. ती मान हलवून “ला, ला” म्हणाली, नाही नाही. माझ्या बोटांची पकड तिने बदलली. देठ वरून धरायचा, पानं खालून वर नाही, वरून खाली ओढायची.

ती भाजी निवडते आहे. मला आधी कसं नाही कळलं? माझी आजी शेवग्याचा पाला असाच ओरबाडायची.

मुक्काम दुबई
मुलूखिया!!
लिहिताना हात थरथरतोय. इजिप्त, सीरिया, लेबनन सगळीकडे करतात. हिरवी, बुळबुळीत पालेभाजी, तागाच्याच जातीची. ढीगभर आणतात आणि घरातल्या बायका बसून पानं खुडतात. बैरूतची मैत्रीण म्हणते की त्यांच्याकडे पानं अख्खी शिजवतात, कोंबडीबरोबर, वर लिंबू, भातावर घेऊन. आणि इजिप्तचा आमचा ड्रायव्हर म्हणतो ते साफ चूक, पानं अगदी बारीक चिरायची, आणि शेवटी लसूण-धण्याची फोडणी ओतताना करणारीने जोरात श्वास आत ओढून “आह्ह” करायचं, त्याशिवाय चव येत नाही. दोघांचं भांडण लावून मी इथे लिहायला बसलोय.

तुमच्या नान्नाची तेता कुठल्या पद्धतीने करायची ते कळलं तर मजा येईल.

कैरी
ताई, मिळते का तिथे?

रानमेवा
उशीर झाला लिहायला, माफ करा. बरंच घडलं.

हमरूनला एका इजिप्शियन भाऊंचं किराणा दुकान आहे. गोठवलेली चिरलेली पाकिटं होती, ती नको होती मला. कारण सांगितलं तर ते क्षणभर बोललेच नाहीत. शनिवारी या म्हणाले. शनिवारी त्यांच्या ओळखीच्या एकाच्या मळ्यातून दोन जुड्या आणून ठेवल्या होत्या, पैसे घेईनात. इथे चारात एकतरी माणूस परदेशी आहे, सगळे आपापल्या गडबडीत, तरी असं कुणी भेटतं.

घरी येऊन मी जुड्या धुतल्या आणि ओल्याच नान्नाच्या पुढ्यात टेबलावर ठेवल्या. तिने एक काडी उचलली आणि माझ्या हातावर चापट मारली. काय चुकलं कळेना. तिने पदराला पुसावीत तशी पानं अॅप्रनला टिपली तेव्हा समजलं. भिजलेली पानं चिरली तर फार बुळबुळीत होतात, आधी सुकवायची असतात. मी पंख्याखाली पसरली. तासाभराने ती बसली. डावीकडे देठ, उजवीकडे पानं. डोळे हाताकडे नव्हतेच. बारीक आवाजात गुणगुणत होती. ‘जुनी माल्टी’त.

तेवढ्यात मुलगा आला. तो शनिवारी आईला बघायला येतो. दारातच थांबला. मला वाटलं आता काही बोलणार. काहीच बोलला नाही. कोट खुर्चीवर टाकला, हात धुवून आला, समोर बसला आणि एक काडी उचलली. वरून धरली. वरून खाली ओढली.

जुनेजाणते काका, मी त्याला काही शिकवलं नव्हतं. नातीला फोन लावायचं मला सुचलंच नाही, दोघांकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, लहानपणी आजी हे गच्चीवरच्या कुंड्यांत लावायची, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून टोमॅटोच्या मागे. ती गेल्यावर घरात कुणी केलं नाही. एवढंच. आजी कुठली ते तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. पण रात्री नातीचा मेसेज आला. बाबांनी आपणहून फोन केला होता म्हणे. काय बोलले ते तिने लिहिलं नाही.

दुबईकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पानं खुडून झाल्यावर नान्ना दोन्ही हात हवेत पुढे-मागे झुलवू लागली, जात्यावर नव्हे, पाळणा हलवल्यासारखे. मला काही कळेना. मुलगा उठला, वर गच्चीच्या खोलीत गेला आणि ट्रंकेतून एक हत्यार घेऊन आला. चंद्रकोरीसारखं पातं, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. इतकी वर्षं मी ते वर बघत होते, चामडं कापायचं असेल असं वाटलं होतं.

म्हणजे बारीक चिरून. तेता सीरियाची असेल, पण भाजी अलेक्झांड्रियाची झाली होती.

आता मदत करा. धणे किती, लसूण किती, आणि धणे अख्खे की भरडून? रविवारी मुलगा बायकोला घेऊन जेवायला येणार आहे. ड्रायव्हरभाऊंना विचारून शुक्रवारपर्यंत सांगा.

मुक्काम दुबई
विचारलं. एका जुडीला लसणाचा एक अख्खा गड्डा, दोन चमचे धणे, भरडून, तुपात. आणि तो तीनतीनदा सांगतोय, ओतताना श्वास विसरू नका.